चर्चमधली भाकर ‘प्रसाद’ समजून घ्यावी का?

समजा, तुम्ही मोहर्लीत जिप्सी चालवता किंवा गाईड आहात. रिसॉर्टमधला मित्र सांगतो, “रविवारी बल्लारपूरला ये, पोरीचं पहिलं कम्युनियन आहे.” तुम्ही सकाळची फेरी दुसऱ्याला देता, चंद्रपूर ओलांडून बल्लारपूर गाठता आणि चर्चमध्ये मागच्या बाकावर बसता. तासाभराने सगळे उठून रांगेत लागतात. पुढे फादर प्रत्येकाच्या हातावर किंवा जिभेवर काहीतरी ठेवतायत. शेजारचे काका सरकून तुम्हाला वाट करून देतात.

आता काय करायचं?

आपल्याकडे प्रसाद नाकारत नाहीत. देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, कुठेही हात पुढे करायची सवय असते. म्हणून पाहुणा रांगेत उभा राहतो. हेतू चांगलाच असतो, पण कॅथलिक चर्चमध्ये नेमकं हेच करायचं नसतं.

ती भाकर म्हणजे काय?

दिसायला ती पातळ, पांढरी, गोल चकती असते. गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची. पण कॅथलिक श्रद्धेनुसार उपासनेतल्या प्रार्थनेनंतर ती ख्रिस्ताचं शरीर होते. ‘ख्रिस्ताची आठवण’ एवढंच ते म्हणत नाहीत. ती घेणं म्हणजे ‘ही श्रद्धा माझी आहे आणि मी या मंडळीचा आहे’ असं सगळ्यांसमोर सांगणं. म्हणून त्यांच्या मुलांनाही ती आधी शिकवणी घेऊन मगच मिळते. तुमच्या मित्राच्या पोरीचा सोहळा त्याचाच आहे.

थोडक्यात, आपल्याकडे प्रसाद न घेतल्याने यजमान दुखावतो. इथे तो घेतल्याने अवघडतो. तुम्ही बसून राहिलात तर कुणालाही वाईट वाटत नाही. पाय आत घ्या, लोकांना जाऊ द्या, बस. चुकून हातात आलीच, तर खिशात घालून घरी नेऊ नका. तिथेच फादरना हळूच परत द्या.

बल्लारपूरचं चर्च वेगळं का वाटतं?

वसई किंवा गोव्याची मिस्सा पाहिलेल्यालाही इथे थोडं चुकल्यासारखं होतं. कारण बल्लारपूर हे चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण आहे आणि हा धर्मप्रांत सिरो-मलबार चर्चचा आहे, म्हणजे केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती परंपरेचा. १९६२ मध्ये चांद्याचा हा भाग रोमने त्यांच्याकडे सोपवला. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे त्यात येतात.

यांच्या उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात. शब्द सुरियानी भाषेतला, अर्थ ‘अर्पण’. आपल्या ‘कुर्बानी’चा हा सख्खा भाऊ. केरळातही १९६२ पर्यंत ही उपासना सुरियानीतच व्हायची, मल्याळम नंतर आली. प्रार्थना बऱ्याचशा गाऊन म्हणतात, उभं राहणं जास्त असतं. मधल्या मुख्य प्रार्थनेच्या वेळी फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करतात. तो अपमान नव्हे. सगळे मिळून एकाच दिशेला पाहतात, असा त्याचा अर्थ. (याच मुद्द्यावर २०२१ नंतर केरळात एर्नाकुलम भागात मोठा वाद पेटला. फादरनी पूर्ण वेळ लोकांकडेच तोंड करावं, असं तिथल्या अनेकांचं म्हणणं होतं.)

आता गंमत बघा. रिसॉर्टच्या किचनमध्ये काम करणारा गोव्याचा कॅथलिक मुलगा इथे आला, तर त्याला निम्मं कळणार नाही. तरी तो बिनदिक्कत रांगेत जाऊ शकतो, कारण सिरो-मलबार चर्चही पोपच्याच अधिकाराखाली आहे. त्याची रविवारची मिस्साही इथे भरते.

उलट चंद्रपूरचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती आला, तर बायबलची वाचनं, प्रभूची प्रार्थना, सगळं त्याच्या ओळखीचं. पण भाकर घेण्याची त्याला सहसा परवानगी नाही. प्रोटेस्टंट मंडळीही या भागात जुनी आहे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकात चांद्यात मिशन सुरू केलं होतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं.

त्यांच्या मराठी उपासनेला गेलात तर फादरऐवजी ‘पाळक’ हा शब्द ऐकू येईल. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून गीतं गातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं त्यात आहेत आणि चाली ऐकून तुम्हाला भजनाची आठवण होईल. तिथे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. दुसऱ्या मंडळीच्या ख्रिस्ती पाहुण्याने घ्यायचं की नाही, हे आधी पाळकांना विचारावं. बाप्तिस्मा न झालेल्याने मात्र इथेही बसून राहावं.

बाकीचं काय पाळायचं?

फार नाही. सफारीची टोपी पुरुषांनी काढायची. गुरुद्वाराच्या बरोबर उलट. बऱ्याच स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, पाहुणीने घेतलीच पाहिजे असं नाही. दारात चपलांचा ढीग दिसला तर आपल्याही काढा. काही ठिकाणी स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, म्हणून बसण्याआधी एकदा नजर फिरवा. लोक उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकायची किंवा क्रूसाची खूण करायची गरज नाही. अर्पणाची थैली फिरते, त्यात काही टाकणं ऐच्छिक.

आणि मोबाईल. ताडोब्याच्या कोअरमध्ये तो वापरायला मनाई आहे, तसंच इथेही समजा. फोटो काढायचाच तर आधी विचारा. भाकरीच्या वेळेला रील अजिबात नको.

‘मग तुझा धर्म बदलला का?’

फोटो स्टेटसला टाकला की हा प्रश्न येतोच. उत्तर सरळ आहे: नाही. ख्रिस्ती होण्याचा विधी बाप्तिस्मा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला त्याआधी बऱ्याच काळाची तयारी आणि शिकवण घ्यावी लागते. बाकावर बसल्याने, गाणं ऐकल्याने किंवा ‘आमेन’ म्हटल्याने तो होत नाही.

निघण्याआधी मित्राला दोन गोष्टी विचारून ठेवा: वेळ आणि भाषा. एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषेत उपासना असू शकते. आणि संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. बाहेर चहा किंवा केक वाटतात, तो मात्र सगळ्यांसाठी असतो.