कलणारी गाडी आणि पोलादी दांडा: मुरुडच्या रस्त्यावरून ‘स्वे बार’चा इतिहास

१८७५ च्या सुमाराची गोष्ट. दापोलीजवळच्या मुरुड गावातला एक सतरा वर्षांचा विद्यार्थी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. अंतर सुमारे ११० मैल, पाऊस मुसळधार, मध्ये सह्याद्री उभा, आणि प्रवास पायी. तो पोहोचला, परंतु वय फार लहान दिसते, असे कारण सांगून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. हा विद्यार्थी म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले आणि १९५८ साली भारतरत्न ठरलेले. (हे मुरुड जंजिऱ्याचे नव्हे. ते रायगडात, हे रत्नागिरी जिल्ह्यात, हर्णैच्या दक्षिणेस.)

आज मुरुडहून देशावर जाणारे कुटुंब तोच सह्याद्री काही तासांत मोटारीने ओलांडते. रस्ता डांबरी झाला, तरी डोंगराने वळणे सोडलेली नाहीत. मागच्या आसनावर तिघे, सामानाच्या जागेत आंब्याच्या पेट्या, समोर ओले वळण, आणि गाडी एका अंगावर कलते. पोटात कालवते आणि चालकाच्या मनात शंका येते. या कलण्यावर उपाय म्हणून अनेक तरुण मालक बाजारातून जाड ‘स्वे बार’ आणून बसवतात. यालाच अँटी-रोल बार म्हणतात आणि गॅरेजमध्ये स्टॅबिलायझर. जाड दांडा म्हणजे जास्त पकड, ही समजूत त्यामागे असते. या सुट्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

मुळात गाडी कलते का? स्प्रिंग नसलेली जुनी बैलगाडी खड्ड्यागणिक हाडे खिळखिळी करी, पण वळणावर चाकांवरचा तिचा सांगाडा वेगळा असा कलत नसे. घोडागाडीला पाट्यांच्या स्प्रिंगा आल्या, बसणाऱ्याला आराम मिळाला, आणि त्याच दिवशी कलण्याचाही जन्म झाला. स्प्रिंग जितकी मऊ, तितका आराम अधिक आणि तितकेच कलणेही अधिक. आरंभीच्या मोटारींच्या स्प्रिंगा ताठ होत्या आणि थोडेफार कलणे लोकांनी गृहीतच धरले होते. त्यामुळे या दुखण्यावरचे औषध फार पूर्वी सापडूनही बराच काळ कपाटातच पडून राहिले.

ते औषध २२ एप्रिल १९१९ रोजी नोंदले गेले. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना त्या दिवशी असा दांडा बनवण्याचे पेटंट मिळाले. रचना इतकी साधी की पाहून नवल वाटावे. पोलादाचा एक दांडा दोन्ही टोकांना वाकवलेला. मधला भाग रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्याला जोडायचा. टोके लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या आधाराला जोडायची. दोन्ही चाके एकदम वर आली, तर दांडा बुशांत नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तर मात्र त्याला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवण्यासाठी दांडा दोन्ही चाकांना एकमेकांच्या पातळीवर ओढू पाहतो.

म्हणजे सरळ रस्त्यावरच्या गतिरोधकावर आराम कायम राहतो आणि वळणावर ताठरपणा मिळतो. मऊ स्प्रिंगेने काढलेले कर्ज फेडण्याची ही युक्ती होती, आणि तिची खरी गरज १९३० च्या दशकात भासली.

मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्यांनी गाडीवर हलवता येणारी वजने लादून आरामाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मऊ स्प्रिंगा आल्या. प्रवास सुखाचा झाला. पण पुढची आणि मागची चाके वळणावर वेगवेगळी का वागतात, हा प्रश्न ऐरणीवर आला. ‘अंडरस्टिअर’ आणि ‘ओव्हरस्टिअर’ या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कल्पनांना शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत ऑली अग्रणी होते. पहिल्यात गाडीचे नाक वळणाच्या बाहेर सरकते, दुसऱ्यात शेपूट. सामान्य चालक पहिल्यातून बहुधा सावरतो, कारण भीती वाटली की तो वेग कमी करतो आणि नाक पुन्हा आत येते. दुसऱ्यात तीच भीती घात करते: घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट आणखी सुटते.

इथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण बाजारातला सगळा गैरसमज याच जागी आहे. १,००० किलोची गाडी धरू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन चाकांतले आडवे अंतर १.४ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश इतक्या आडव्या त्वरणाने ती वळली, तर आतल्या चाकांवरून सुमारे १४३ किलो भार उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वेग यांवर ठरतो. दांडा कितीही जाड केला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. दांडा ठरवतो तो एवढेच की, या १४३ किलोंपैकी पुढच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती.

टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एका जोडीतल्या दोन टायरांवर भार जितका विषम, तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. ज्या बाजूला, पुढे वा मागे, दांडा ताठ केला, त्या बाजूची पकड कमी होते आणि दुसऱ्या बाजूची वाढते. कलणे घटते, टायर रस्त्यावर अधिक सरळ टेकते, हा लाभ खरा आहे. पण मूलतः हा दांडा पुढच्या-मागच्या चाकांमधला तोल सरकवतो.

या तोलावर सर्वांत मोठा वाद अमेरिकेत झाला. १९६० सालची शेव्हरले कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी. मागच्या चाकांचे आस अशा रीतीने जोडलेले की जोरदार वळणावर बाहेरचे चाक आत दुमडू शके आणि शेपूट अचानक सुटे. पुढे एक अँटी-रोल बार असता, तर त्याने भाराचा वाटा पुढच्या चाकांकडे ओढला असता आणि मागची चाके वाचली असती. पण आरंभीच्या गाड्यांत तो दिलाच नव्हता. त्याऐवजी कंपनीने टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली: पुढे १५ पीएसआय, मागे २६. पुढचे टायर मुद्दाम ढिले, म्हणजे पुढची पकड कमी. कागदावर हिशेब जुळत होता. पण इतका विचित्र फरक किती मालक पाळणार? चारही चाकांत सारखी हवा भरली, की तो हिशेब कोलमडलाच.

१९६४ च्या गाडीत पुढचा दांडा नेहमीचा भाग म्हणून आला, मागची रचनाही सुधारली आणि १९६५ साली मागचे सस्पेन्शन संपूर्ण नवे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. त्यातले पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. मोटार सुरक्षिततेच्या कायद्यांना या पुस्तकाने वेग दिला. मात्र १९७२ साली अमेरिकी सरकारच्याच सुरक्षा संस्थेच्या अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. नेडर खोटे ठरले, असे त्यातून म्हणणे घाईचे होईल. पण इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. 

महाराष्ट्रात हा दांडा कुर्ल्यामार्गे रुळला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बांधू लागली. १९५३ मध्ये इटलीत आलेल्या या पिढीच्या फियाटला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार होता; मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांनाही त्याची जोड होती. तिचाच वंश पुढे प्रीमियर पद्मिनी झाला आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिला. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या स्टेशनपासून घरापर्यंत या दांड्यावर विसंबून गेल्या, त्याचे नाव न जाणता. तिची प्रतिस्पर्धी ॲम्बेसेडर, म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, पुढच्या बाजूला टॉर्शन बार वापरी. नावे जवळची असल्याने अनेकांची गल्लत होते: तिथला पीळ खाणारा दांडा स्प्रिंगचेच काम करतो, गाडीचे वजनच पेलतो, कलणे रोखणे हे त्याचे काम नव्हे.

जुन्या गाड्यांतल्या दोन रचना आजच्या खरेदीदारानेही ध्यानात ठेवाव्यात. अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत आला. त्यात अँटी-रोल बारचे टोकच चाकाचा खालचा आधार पुढे-मागे सरकू देत नसे. एका भागात दोन कामे, खर्च कमी. हीच काटकसर पुढे अनेक छोट्या गाड्यांनी उचलली. अशा गाडीत दांडा बदलणे म्हणजे चाकाची जागाच ठरवणारा भाग बदलणे. त्यात चूक झाली, तर सुकाणू एका बाजूला ओढते.

दुसरी रचना १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फची. मागच्या दोन चाकांना जोडणारी, पीळ खाऊ शकणारी तुळई. ती स्वतःच काही अंशी अँटी-रोल बारचे काम करते. भारतातल्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांच्या मागे हीच तुळई असते. ‘मागे दांडाच नाही, कंपनीने पैसे वाचवले’ ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी. तुळईला बोल्टने जोडायचा जादा दांडा बाजारात मिळतो तो तिचा पीळ आणखी ताठ करण्यासाठी.

आता जाडीविषयी. दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा दांडा काढून २२ चा बसवला, तर डोळ्यांना दोन मिलिमीटरचाच फरक दिसतो, पण ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. पोकळ दांडा कमकुवत असतो, हाही भ्रमच. बाहेरून २४ आणि आतून १६ मिलिमीटरचा पोकळ दांडा २२ च्या भरीव दांड्याहून सुमारे १४ टक्के ताठ आणि जवळजवळ एक-तृतीयांश हलका भरतो. टोकाला दोन-तीन भोके असलेला दांडा असेल, तर लिंक रॉड मधल्या बाजूच्या भोकात जोडल्यास भुजा आखूड होते आणि ताठरपणा वाढतो.

रोज चालवायच्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मूळ तोल बहुधा अंडरस्टिअरकडे झुकवलेला असतो, आणि तो कॉर्व्हेअरच्या धड्यानंतर विचारपूर्वक झुकवलेला असतो. मागचा दांडा ताठ केला की नाक चटकन वळते आणि चालकाला गाडी हुशार झाल्यासारखी वाटते. कोरड्या रस्त्यावर ते सुखदच आहे. परंतु दापोली परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वळणांवर जांभ्याचा लाल चिखल वाहून येतो, आणि सुट्टीला निघालेली गाडी मागे जड असते. त्या अवस्थेत मागची पकड घटवणारा दांडा चालकाने स्वतः निवडलेला असतो, हे विसरून चालणार नाही. पुढचा दांडा फार ताठ केला, तर चढावरच्या आवळलेल्या वळणावर आतले चाक हलके होऊन जागीच फिरते. शिवाय दोन्ही चाके एकमेकांना अधिक घट्ट बांधली गेल्याने एकाच चाकाखाली आलेला खड्डा आता दोघांना जाणवतो. कोकणात खड्डे बहुतांशी एकाच चाकाखाली येतात.

म्हणून क्रम असा शहाणपणाचा. आधी टायर आणि त्यातली हवा. मग शॉकअब्जॉर्बर. मग आहे त्याच दांड्याचे बुश आणि लिंक रॉड: पाच-सात वर्षे चाललेल्या गाडीत बुश सैल झालेले असतात, खड्ड्यावर ‘टक टक’ वाजते, आणि काही कलणे तिथूनच आलेले असते. एवढे केल्यावरही गरज वाटली, तर मूळ दांड्याहून एक-दोन मिलिमीटरच जाड, शक्य तर भोके बदलता येणारा दांडा घ्यावा आणि सुरुवात सर्वांत सौम्य भोकापासून करावी. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात. पण ग्रीस सुकले की पहिल्या पावसातच कुरकुरतात.

कागदोपत्रीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधला निर्णय यांनुसार नोंदणी प्रमाणपत्रात नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. दांडा त्या तपशिलांत मोडतो की नाही, यावर गॅरेजच्या बाकावर तास-तास चर्चा रंगतात. परिवहन कार्यालयात विचारून घेणे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे, हे त्याहून स्वस्त.

दांडा बसवल्यावरची पहिली फेरी रिकाम्या गाडीने, कोरड्या रस्त्यावर आणि ओळखीच्या वळणावर करावी. दुसरी त्याच वळणावर, पाऊस पडून गेल्यावर, मागे माणसे आणि सामान घेऊन, पहिल्याहून कमी वेगात. दुसऱ्या फेरीत शेपूट जराही हलकी वाटली, तर लिंक रॉड एक भोक टोकाकडे सरकवायचा, आणि तरीही तसेच वाटले, तर जुना दांडा परत बसवायचा. त्यासाठी तो भंगारात न घालता घरी जपून ठेवलेला बरा.