पाठ्यपुस्तकाचे बंद दार

एखाद्या समाजाला दास करावयाचे, तर बेड्या लागतात. दास ठेवावयाचे, तर मुलांच्या हातचे पाठ्यपुस्तक पुरते. अमेरिकेतील इतिहासकार कार्टर वुडसन यांनी हे मर्म ओळखले होते. त्यांचे आईवडील एकेकाळी गुलाम होते. ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबले आणि १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. शालेय पुस्तकांत कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वाला स्थान नव्हते. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी ‘निग्रो इतिहास सप्ताह’ आरंभिला, शिक्षकांकडे पाठ, चित्रे व नाटुकली धाडली आणि १९३७ मध्ये त्यांच्यासाठी मासिकही काढले. कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांतील शिक्षकांनी हा सप्ताह उचलून धरला. वर्णभेदाने वेगळ्या ठेवलेल्या शाळा घटनाबाह्य ठरल्या त्या १९५४ मध्ये. पाठ्यपुस्तकाचे बंद दार मात्र या शिक्षकांनी त्याच्या कितीतरी आधी ठोठावले होते.