गोडबोले, रोहिणी

(१२ नोव्हेंबर १९५२ – २५ ऑक्टोबर २०२४). मूलकणांच्या सैद्धांतिक भौतिकीतील भारतीय संशोधक. जन्म पुण्यात, शालेय शिक्षण हुजूरपागेत. मुलींची शाळा म्हणून तेथे सातवीपर्यंत विज्ञानाच्या जागी गृहशास्त्र शिकवले जाई. शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र विज्ञान असे. तो अभ्यास त्यांनी वर्गाबाहेर केला. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. स. प. महाविद्यालयातून बी.एस्सी., मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथून पीएच.डी. (१९७९). मायदेशी परतून टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांना अंतर्गत रचना नाही, म्हणून त्यांच्या टकरी ‘स्वच्छ’ समजल्या जात. भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांच्यासह गोडबोले यांनी १९९०च्या सुमारास या समजाला धक्का दिला. अशा टकरी घडवणाऱ्या प्रचंड ऊर्जेच्या यंत्रात कणांचे दाट पुंजके समोरासमोर आले की एकमेकांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात वाकतात आणि फोटॉन बाहेर टाकतात. हे फोटॉन टकरीत नुसता प्रकाश राहत नाहीत. त्यांच्यातील क्वार्क आणि ग्लुऑन हे मूलकण एकमेकांवर आदळून कणांचे फवारे उडवतात. शोध हव्या असलेल्या घटनेचा आणि पदरात हा कचरा, अशी गत होऊ शकते. पुंजक्यांचा आकार ठरवतानाच त्याचा हिशेब करावा लागतो, हे यंत्राचे आराखडे आखणाऱ्यांना त्यामुळे कळले. फोटॉनांमुळे उडणाऱ्या या फवाऱ्यांनाच ड्रीस–गोडबोले परिणाम म्हणतात. कागदावरच्या गणिताने न बांधलेल्या यंत्राची अडचण आधीच सांगावी, हे सैद्धांतिक भौतिकीचे उत्तम उदाहरण होय.

ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह लिहिलेला अतिसममितीवरील (सुपरसिमेट्री) त्यांचा ग्रंथ (२००४) अभ्यासकांच्या नित्य वापरात आहे. हिग्ज कण आणि टॉप क्वार्क यांचे गुणधर्म प्रयोगातून कसे ताडता येतील, यावरही त्यांनी पुष्कळ काम केले.

राम रामस्वामी यांच्यासह संपादित ‘लीलावतीज डॉटर्स’ (२००८) या पुस्तकात भारतीय वैज्ञानिक स्त्रियांची चरित्रे आणि आत्मकथने आहेत. भौतिकीबाहेरच्या वाचकाला त्यांचे नाव बहुधा या पुस्तकामुळेच ठाऊक असते, आणि त्यात ड्रीस–गोडबोले परिणाम झाकोळतो. पद्मश्री (२०१९) आणि फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान (२०२१) त्यांना मिळाले. निधन पुण्यातच झाले.