दोन टी-१

यवतमाळच्या वाघांचे कागद वाचताना 'टी-१' या क्रमांकाशी सावध राहावे लागते. तो दोन वाघिणींना आहे. एक टिपेश्वर अभयारण्यातली, दुसरी पांढरकवडा-राळेगावच्या शिवारांत वावरणारी, लोकांची अवनी.

अवनीच्या कागदांत आधी माणसांचे मृत्यू येतात. २०१६ ते २०१८ या काळात तेरा जण गेले. गुरे राखायला किंवा शेतात गेलेली ही माणसे होती, आणि तेरा घरांचे हे दुःख कुठल्याही वाघप्रेमाने झाकू नये. मात्र तेराही मृत्यूंचा पुरावा सारखा भक्कम नव्हता. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. आदेशातला क्रम स्पष्ट होता: आधी बेशुद्ध करून पकडायचे, ते जमले नाही तरच गोळी. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने त्या रात्रीच्या कार्यपद्धतीवर ठपका ठेवला. तिचा मादी बछडा डिसेंबरात पकडून पेंचला नेला. मार्च २०२१मध्ये मोकळा सोडल्यावर काही दिवसांतच तोही मेला.

टिपेश्वरच्या टी-१चा नर बछडा २०१६च्या अखेरीस जन्मला. १९९७मध्ये अभयारण्य झालेल्या या १४८ चौरस किलोमीटरच्या जंगलात संरक्षणामुळे वाघ वाढले आणि तरुण नरांना हद्द अपुरी पडू लागली. फेब्रुवारी २०१९मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्याला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातून फिरून १ डिसेंबरला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोवर त्याची चाल १३०० किलोमीटर झाली होती.

कॉलरच्या नोंदी हा माझ्या मते या दफ्तरातला सर्वांत मोलाचा कागद. तो बहुधा रात्री चाले, शेते आणि महामार्ग ओलांडी, दिवसा झुडपांत दडे. वाटेत, तो विसावलेल्या झुडपात लोक शिरले तेव्हा एक जण जखमी झाला. एवढ्या वाटचालीत माणसाशी झालेली ती एकच झटापट. म्हणजे वस्तीच्या मुलुखातही वाघाला वाट सापडते, पण नाल्याकाठची, बांधावरची झुडपे शिल्लक असतील तरच. अभयारण्याची हद्द अधिसूचनेत आखलेली असते. या झुडपांना मात्र तसले संरक्षण नाही.

ज्ञानगंगेला वाघ मिळाला, पण तो एकटाच. तिथे दुसरा वाघ नव्हता, म्हणून त्याच्यासाठी मादी आणावी का, याचा विचार वनखात्यात सुरू झाला.