कानबाईची गाणी : खानदेशातून गोडादऱ्यास

तापीकाठचा सुरत-अमळनेर लोहमार्ग १९०० साली पुरा झाला. पुढे कापडमागांच्या आधाराने खानदेशी कुटुंबे सुरतेस आली. गोडादऱ्यात त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांच्यासवे अहिराणी आली आणि कानबाईही आली.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळास देवीचे रूप देऊन तिची स्थापना करितात. भाऊबंद एकत्र जमून रोटांचा प्रसाद घेतात, रात्र गाण्यांनी जागवितात आणि सोमवारी देवीचे विसर्जन होते. या गाण्यांची पोथी नाही. सासूने म्हणावे, सुनेने मागून ओढावे, एवढाच काय तो त्यांचा संप्रदाय. गोमंतकात मांडावरच्या धालोंचेही असेच नव्हे काय?

निरक्षर बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेविली, म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रकटली. असा टिपणारा घरोघरी कोठून असावा? खेड्यात त्याची उणीव भासली नाही; तेथे अंगणातली बोली आणि गाण्यातली बोली एकच होती. गोडादऱ्यातील नात गुजराती-हिंदीत खेळते. आजीची अहिराणी तिला उमगते, परंतु ओठांवर येत नाही. ध्रुवपद ती उत्साहाने म्हणते. पुढचे कडवे आजीवर सोपविते.