फितीच्या काठावरचा आवाज
पालघर-बोईसरच्या घरगुती व्हिडिओ कॅसेटी आणि त्यांचे डिस्कवरचे दुसरे आयुष्य

लग्नाची कॅसेट म्हटली की आपल्याला चित्र आठवते. लाल झालेले चेहरे, सनगनच्या झोताने दिपलेले डोळे, पंगतीत कॅमेरा आल्यावर थांबलेले घास. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात अशा कॅसेटी शोधत मी बरीच वर्षे हिंडतो आहे. या फितींत इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा भाग बहुतेक वेळा आवाज असतो, हे माझे मत त्या फिरण्यातूनच बनले. कपडे, दागिने, मांडव यांचे फोटो मिळतात. सातपाटीच्या मांगेला बायका हळदीला कोणत्या चालीत गात होत्या, किंवा केळव्याच्या वाडवळ घरातली आजी नातसुनेला कोणत्या बोलीत हाक मारत होती, हे कुठलाही फोटो सांगत नाही.

जात्यावरच्या ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जाणीवपूर्वक गोळा केल्या आणि बर्नार्ड बेल यांनी त्यांचे शंभरहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले, म्हणून आज त्या ऐकता येतात. असे काम प्रत्येक भागाच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडे ते काम काही अंशी गावोगावच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी केले, तेही नकळत. आणि पुढे त्यांनीच ते बरेचसे झाकूनही टाकले. ते कसे, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत १९७६ साली जपानमध्ये आणली. आपल्याकडे दूरदर्शन १५ ऑगस्ट १९८२ला रंगीत झाले, त्याच वर्षी दिल्लीला आशियाई स्पर्धा भरल्या, आणि त्यानंतर व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. बोईसर भागात त्याला पोषक जमीन आधीच तयार होती. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९पासून व्यापारी तत्त्वावर वीज देत होत्या. त्यांच्या वसाहतीत देशभरातून आलेली पगारदार कुटुंबे होती, शेजारी औद्योगिक वसाहत वाढत होती. दूरच्या नातेवाइकांना लग्न दाखवायचे तर कॅसेट हवीच. मग स्टुडिओवाल्यांनी खांद्यावरचा कॅमेरा घेतला, दिवा आणि वायर धरायला एक पोरगा ठेवला, आणि व्हिडिओ शूटिंगची पाटी लावली.

आता फितीकडे पाहू. व्हीएचएसची फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद. तिच्यावरची बहुतेक सगळी जागा चित्राने घेतलेली. साध्या मोनो आवाजाला मिळते ती वरच्या काठाची एक मिलिमीटरची पट्टी. त्यातून आपल्याकडच्या पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला जेमतेम २३.४ मिलिमीटर सरकते. गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर सरकते. म्हणजे ज्या लग्नासाठी घराने कर्ज काढले, त्याचा आवाज बाजारातल्या साध्या गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने नोंदला गेला. वेग कमी झाला की वरच्या पट्टीचे स्वर आधी जातात आणि सूं सूं अशी खरखर उरते. शिवाय फितीचा काठच आधी दुमडतो, आधी चुरगळतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवलेल्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरते.

यावर माणसाने आणखी एक थर चढवला. पंगत, आहेर, वरात या भागांवर सिनेमाची गाणी टाकायची पद्धत पडली. गिऱ्हाईकही तेच मागत असे. गोंगाट नको, गाणी टाका, हे वाक्य मी जुन्या स्टुडिओवाल्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की त्यांना दोष द्यायची इच्छा होत नाही. पण गोंगाट म्हणजे काय होते? आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण गाते. वारल्यांत धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. मंगलाष्टकांना मात्र कात्री लागत नसे. त्यामुळे कित्येक कॅसेटींत भटजी स्पष्ट ऐकू येतात आणि बायका ओठ हलवताना दिसतात, वर कुमार सानू.

ही गाणी काढता येतील का, या प्रश्नाने मला यंत्राची पुस्तके वाचायला लावली. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. टेपरेकॉर्डर उघडून पाहण्यापलीकडे तोवर अनुभव नव्हता. वाचताना कळले ते असे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून काही व्हीएचएस यंत्रांत हाय-फाय आवाज आला. हा आवाज काठावर नसतो. तो फिरत्या ड्रमवरच्या हेडने चित्राच्या खाली, फितीच्या थरात खोलवर लिहिला जातो. यंत्रावर ऑडिओ डब हे बटण दाबून गाणे टाकले, तर बदलते ती फक्त काठावरची पट्टी. खालचा हाय-फाय आवाज चित्र पुसल्याशिवाय पुसताच येत नाही.

म्हणजे स्टुडिओने संपादित प्रत हाय-फाय यंत्रावर तयार केली असेल आणि गाणी नंतर ऑडिओ डबने टाकली असतील, तर मांडवातला मूळ आवाज त्याच कॅसेटमध्ये, गाण्याच्या खाली, शाबूत असणार. घरच्या साध्या व्हीसीआरला हाय-फाय हेडच नसल्यामुळे तो कधी ऐकू आला नाही. डिस्क करून देणाऱ्या दुकानांतही अनेकदा साधेच यंत्र असते, त्यामुळे तिथेही तो वर येत नाही. काही यंत्रांच्या मागच्या बाजूला किंवा मेनूत आवाजाची निवड असते : हाय-फाय, नॉर्मल आणि मिक्स. तो खटका फिरवला की काम होते. अशा कॅसेटी फार नाहीत. मला सापडल्या त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. गाणी दुसऱ्या पद्धतीने मिसळली असतील, तर मूळ आवाज गेला तो गेलाच. पण खटका फिरवल्यावर सिनेमाचे गाणे थांबून त्याच चित्राखाली बायकांचा आवाज सुरू होतो, तेव्हा आतापर्यंत हलणाऱ्या ओठांना शब्द मिळतात. उत्तर कोकणच्या बोली आणि लग्नगीतांवर काम करणाऱ्यांनी हा खटका लक्षात ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे.

यानंतरचा धोका डिस्क करताना येतो, आणि तो आवाज सुधारण्याच्या नावाखाली येतो. संगणकावर खरखर काढण्याची सोय असते. फितीतला काही सेकंदांचा शांत तुकडा नमुना म्हणून दाखवायचा. मग यंत्र त्या जातीचा आवाज सगळीकडून वजा करते. थोडे वापरले तर ठीक. जास्त वापरले की माणसे पाण्याखालून बोलू लागतात. स, श या अक्षरांची धार वरच्या स्वरांत असते. खरखरीबरोबर ती गेली की ‘सासू’ आणि ‘हाहू’ यांत फरक राहत नाही, आणि बोलीचा अभ्यास तर अशाच फरकांवर उभा असतो. तारप्याची गोष्ट आणखी वाईट. भोपळा आणि बांबूचे हे वाद्य वादक श्वास न तोडता वाजवतो, त्यामुळे आवाज अखंड असतो. नमुन्याच्या तुकड्यात दूरचा तारपा शिरला असेल, तर यंत्र त्यालाच खरखर समजते. एका दुकानातून आलेल्या डिस्कवर मी असे नाचणारे फेर पाहिले आहेत, ज्यांच्यामागे तारप्याचे केवळ भूत ऐकू येते. समुद्राचेही तसेच. गाजेचा आवाज आणि फितीची खरखर यांत यंत्राला भेद करता येत नाही.

हे तांत्रिक वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. चौथी भट्टी २००५मध्ये आणि तिसरी २००६मध्ये चालू झाली. गाव उठण्याआधीची एक कॅसेट माझ्याकडे आली. बारशाची, अगदी साधी, गाणी न टाकलेली. पाळण्याच्या गाण्यामागे सतत एक घुमणारा आवाज आहे. डिस्कसाठी आधी ज्याने हात लावला होता, त्याने तो पुसून टाकला होता. मूळ कॅसेट घराने फेकली नव्हती, म्हणून पुन्हा उतरवता आली. घरातल्या वयस्क बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ती भरतीची वेळ हाय.” त्या आवाजावरून त्यांना वेळ कळली. ही नोंद कुठल्याही भूसंपादनाच्या कागदात नाही.

म्हणून माझी पद्धत सरळ आहे. कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यायची, बुरशी असेल तर यंत्राला लावायचीच नाही, आधी साफ करायची. काठावरचा आणि हाय-फाय असे दोन्ही आवाज वेगवेगळे उतरवायचे. पातळी अशी ठेवायची की बँडबाजा आला तरी आवाज फाटणार नाही. आधी भटजी आणि लगेच ताशा, हा उतार-चढाव लग्नात ठरलेलाच. उतरवलेली पहिली फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवायची आणि सुधारणा तिच्या प्रतीवर करायच्या. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५०वर असते. ती नेमकी तेवढीच काढता येते आणि त्याने कुणाचे नुकसान होत नाही. बाकी खरखर राहू द्यावी. कानाला पाच मिनिटांत तिची सवय होते.

दुसरी भानगड ओठ आणि आवाज यांच्या जुळणीची. गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, डीव्हीडीला ४८,००० लागतात. एकाला दुसरे समजून चालवले तर आवाज जवळजवळ नऊ टक्के पळतो आणि नवरदेव बारीक आवाजात बोलू लागतो. ही चूक लगेच कळते. छुपी चूक वेगळी : चित्राचे घड्याळ आणि आवाजाचे घड्याळ यांत दहा हजारांत एक एवढाच फरक असला, तरी दोन तासांच्या शेवटी पाऊण सेकंदाची तफावत पडते. तपासायला सिनेमावाल्यांसारखी पाटी आपल्याकडे नसते. पण अंतरपाट असतो. तो दूर होतो, टाळ्या पडतात, वाजंत्री एकदम उठते. पहिली टाळी आणि तिचा आवाज जुळले की कॅसेटचा मधला भाग जुळला. शेवटासाठी वरातीतला फटाका बघायचा.

डिस्कवर जागा किती, हा प्रश्न दुकानदार नेहमी पुढे करतो. दोन तासांचा न दाबलेला आवाज सुमारे १.४ जीबी घेतो आणि डिस्क ४.७ जीबीची. दाबलेला आवाज २०० एमबीच्या आत बसतो. न दाबलेल्या आवाजाने चित्राची जागा खाल्ली जाते हे खरे, पण व्हीएचएसच्या चित्रात मुळात तपशील तो किती! डिस्कही काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. लिहिण्याच्या डिस्कचा थर खराब होतो, आणि डिस्क लावायचे यंत्रही घरांतून निघून चालले आहे. त्यामुळे मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवायला सांगतो.

घाई आहे, हे जगभरचे लोक सांगत आले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहाने चुंबकीय फितींसाठी २०२५ हीच मुदत धरली होती. २०१९मध्ये युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून इशारा दिला. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. हेड आता जुनी यंत्रे मोडूनच मिळतात. मी बोईसरच्या भंगारवाल्यांकडे नाव सांगून ठेवले आहे.

डीव्हीडीची एक सोय मात्र या कामासाठीच केल्यासारखी आहे. एका चित्राला तिच्यावर आठपर्यंत आवाज जोडता येतात. म्हणून ज्या कॅसेटीत दोन्ही सापडले, त्यांच्या डिस्कवर पहिला आवाज गाण्यांचा आणि दुसरा मांडवातला ठेवतो. रिमोटवरचे ऑडिओचे बटण दाबले की बदलतो. घरच्यांना ते बटण दाखवून येतो. पुढे विचारले तर बहुतेक घरे पहिलाच लावतात; त्यांनी तीस वर्षे ती गाणीच ऐकलेली असतात, आणि लग्न म्हणजे त्यांना तीच गाणी.