एपीआय की : निर्मिती आणि सुरक्षित हाताळणी

एखादा प्रोग्राम ऑनलाइन सेवेकडे माहिती मागतो किंवा काम सोपवतो, तेव्हा ती मागणी कोणत्या खात्यातून आली हे सेवेला ओळखता यावे म्हणून वापरली जाणारी लांबलचक अक्षरमाला म्हणजे एपीआय की. संकेतस्थळावर गूगल मॅप्सचा नकाशा दाखवणे, रेझरपेमार्फत पैसे स्वीकारणे, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फायली ठेवणे ही कामे अशा कीच्या आधारे चालतात. पासवर्डला ओटीपीची जोड देता येते. की मात्र बहुधा एकटीच असते. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सेवा खातेदारच समजते आणि बिल मूळ खातेदाराच्या नावे निघते. हाताळणीचे सगळे नियम यातूनच येतात.

ग्राहक सेवेच्या डॅशबोर्डवरून की तयार करतो. सेवेने ती सुरक्षिततेसाठी खास बनवलेल्या यादृच्छिक संख्याजनकातून काढायची असते. नाव, तारीख किंवा चढता क्रमांक यांवरून बनवलेली की अंदाजाने सापडू शकते. १२८ बिटांची यादृच्छिकता असली तर एकेक शक्यता तपासून ती शोधणे व्यवहारात अशक्य ठरते. अनेक सेवा मूळ की न साठवता तिचा केवळ हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ की परत काढता येत नाही असे रूप, ठेवतात. अशा ठिकाणी की निर्मितीच्या वेळी एकदाच दिसते. हरवली तर नवी काढावी लागते. कोड साठवण्याची सेवा असलेल्या गिटहबने २०२१ मध्ये आपल्या टोकनांच्या (तिथल्या कीच्या) आरंभी ठरावीक खूण आणि शेवटी चेकसम (पडताळणीची अक्षरे) जोडला, त्यामुळे कोडमध्ये चुकून राहिलेले टोकन स्कॅनरला अचूक हेरता येते.

कीचे अधिकार ती काढतानाच कामापुरते ठेवावेत. नकाशाची की ब्राउझरपर्यंत पोहोचतेच, ती लपवता येत नाही. म्हणून गूगल ती ठरावीक संकेतस्थळांपुरती मर्यादित करण्याची सोय देते. रेझरपेमध्ये चाचणीची आणि प्रत्यक्ष व्यवहाराची की वेगळी असते. तेथे कीचा ‘की आयडी’ हा भाग पानावर दिसला तरी चालतो, ‘की सीक्रेट’ हा भाग मात्र सर्व्हरबाहेर जाता कामा नये. मोबाइल अ‍ॅपमध्ये दडवलेली की अ‍ॅप उलगडून काढता येते.

गळतीची सर्वांत परिचित वाट म्हणजे सोर्स कोड. कोडमध्ये लिहिलेली की नंतर खोडली तरी कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात उरते. २०१६ मध्ये उबरच्या गिटहबवरील रिपॉझिटरीत हल्लेखोरांना अ‍ॅमेझॉन क्लाउडची की सापडली आणि जगभरातील सुमारे ५.७ कोटी प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. ती रिपॉझिटरी खासगी होती, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणून की कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा व्हॉल्टसारख्या गुपित-भांडारात ठेवतात. लॉगमध्ये उमटू नये म्हणून ती यूआरएलऐवजी हेडरमधून, एचटीटीपीएसवरूनच पाठवतात. सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर की धाडण्याची सवय घातक आहे; प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र की द्यावी.

की ठरावीक काळाने बदलावी. अ‍ॅमेझॉन एका वापरकर्त्याला एकाच वेळी दोन की ठेवू देते. त्यामुळे नवी की लागू करून, जुनीचा वापर थांबल्याची खात्री करून, मग जुनी आधी निष्क्रिय करता येते व नंतर पुसता येते. सेवा खंडित होत नाही. गळतीचा संशय आल्यास मात्र वाट पाहू नये. आधी की रद्द करावी, मग लॉग आणि बिल तपासावे. कोडमधून ओळ काढून टाकल्याने उघड झालेली की निरुपयोगी होत नाही. त्यासाठी ती सेवेकडेच रद्द करावी लागते.